शिकून गवतच उपटणार का?

(नागपूरच्या मानेवाडा भागातील एका वडिलांचे हे पत्र. त्यांच्या मुलीने बारावीनंतर दोनदा नीट दिली, पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण दोन्ही वेळा पडले नाहीत. तिने तिसऱ्यांदा बसावे, अशी वडिलांची इच्छा आहे. मुलीला मात्र कृषी पदवी घेऊन चाऱ्याच्या गवतांचे आणि पिकांचे सुधारित वाण तयार करण्याचे काम शिकायचे आहे. "संशोधनच करायचे तर निदान बायोटेक्नॉलॉजी करावी. माझ्या वडिलांनी बैलजोडी विकून मला शहरात शिकवले, ते नातीने पुन्हा शेतात जावे म्हणून नव्हे. एवढी हुशार मुलगी शिकून गवतच उपटणार का? आपण तिला समजवा," असे वडिलांनी लिहिले आहे. पत्राखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात चार ओळी जोडल्या आहेत.)

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील बैलजोडीच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्या घरातील माणसांनी पहाटे उठून धुऱ्यावरचे गवत कापले, भारे डोक्यावरून आणले आणि तरीही उन्हाळ्यात ढोरांपुढे टाकायला काही उरले नाही हे पाहिले, त्या घरातून एक मुलगा शिकून शहरात नोकरीला लागतो, ही मोठी गोष्ट असते आणि तिचा आपल्याला अभिमान आहे तो योग्यच आहे. परंतु त्या कष्टांची जी धास्ती आपल्या मनात राहिली आहे, ती आपण आता मुलीच्या निवडीवर घालत आहात. "गवत" हा शब्द तिने उच्चारला की आपल्याला आपल्या आईच्या डोक्यावरचा भारा दिसतो. तिला त्यात काय दिसते, हे आपण तिला विचारल्याचे पत्रात कोठेही नाही. नातेवाईक काय म्हणतील, कार्यालयातील सहकाऱ्यांच्या मुली कोठे शिकतात, लग्न जमवताना काय सांगायचे, हे सारे मात्र सविस्तर आहे. मला काळजी वाटली ती याची, तिच्या गुणांची नव्हे.

तिसऱ्या प्रयत्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो करू नये. पहिला प्रयत्न तिच्या इच्छेने होता, दुसरा आपल्या समाधानासाठी होता, हे आपणच लिहिले आहे. ज्या अभ्यासातून विद्यार्थ्याचे मन उठले आहे, त्यासाठी वयाची आणखी एक वर्षभराची पुंजी आणि शिकवणीची फी खर्च केल्याने मन परत येत नाही. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत की जे तिसऱ्या वर्षी पुस्तक उघडून बसतात आणि तासभर पान उलटत नाहीत. घरच्यांना वाटते अभ्यास चालू आहे. आपल्या मुलीचे मन कोठे आहे, हे तर तिने पत्राखाली लिहूनच दिले आहे.

त्या चार ओळी आपण पत्र पाठवण्यापूर्वी वाचल्या होत्या का, याची मला शंका आहे. ती लिहिते: "उमरेडकडच्या आमच्या गावी आजोबांच्या धुऱ्यावर मी संकरित नेपियरचे ठोंबे लावले. थंडीत त्याला बाजरीसारखे तुरे आले. ते चोळून पाहिले तर आत एकही दाणा नव्हता. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले. असे का होते?" दोन हिवाळे लागोपाठ एकाच झाडाचे तुरे चोळून पाहणाऱ्या आणि नीटच्या ओझ्याखालीही तो प्रश्न न सोडणाऱ्या मुलीला करिअर कोणते निवडावे हे समजावून सांगण्याची गरज मला तरी वाटत नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि नेपियर गवत यांच्या संकरातून झालेला चारा. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात आणि आफ्रिकेतून आलेल्या नेपियर गवताच्या पेशीत २८. दोघांचा संकर केला की बाजरीकडून ७ आणि नेपियरकडून १४ येऊन संततीत २१ गुणसूत्रे होतात. बीजनिर्मितीच्या वेळी गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. येथे त्या नीट लागत नाहीत आणि दाणा भरत नाही. म्हणूनच आपल्याकडे लावले जाणारे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'यशवंत' किंवा 'फुले जयवंत' आणि कोइम्बतूरचे 'को-४' यांसारखे वाण ठोंबांनी किंवा डोळे असलेल्या कांड्यांनी लावतात. त्यांचे बी कृषी केंद्रात मिळत नाही. शेतकऱ्याला ही अडचण वाटते, पण पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, तिचा एक फायदाही होतो, तो असा की एकदा साधलेला चांगला संकर कांडीवाटे पुढच्या प्रत्येक लागवडीत जसाच्या तसा राहतो.

काही गवतांत याच्या अगदी उलट घडते. गिनी गवत, अंजन आणि ब्रॅकियारियाचे अनेक प्रकार फलनाशिवायच बी धरतात आणि ते बी आईची हुबेहूब प्रत असते. मग संकर करायचा कसा? कोलंबियातील काली येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्रात ब्रॅकियारियावर काम करणाऱ्यांपुढे हाच पेच होता. त्याच कुळातील, फलनाने बी धरणाऱ्या एका जातीची गुणसूत्रे बेल्जियममधील संशोधकांनी दुप्पट करून दिली, तेव्हा कोठे तिला मादी म्हणून वापरून इतर दोन जातींशी तिचा संकर साधता आला आणि त्यातून 'मुलाटो' व पुढे 'मुलाटो-२' हे वाण आले. गवत आफ्रिकेचे, गुणसूत्रे दुप्पट केली युरोपात, संकर झाला दक्षिण अमेरिकेत. वडील म्हणून आपण ज्याला गवत उपटणे म्हणता, त्यात एवढे आहे.

उपटणे आहेच, हेही सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन एका संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर गेलो होतो. चारा पिकांचे छोटे छोटे वाफे आखलेले, प्रत्येकापुढे क्रमांकाची पाटी. एक संशोधक तरुणी विळ्याने जमिनीपासून ठरावीक उंचीवर एकेक वाफा कापून घेत होती. भारा काट्याला अडकवून वजन वहीत लिहायचे, त्यातले अर्धा किलो गवत बारीक तोडून कागदी पिशवीत भरायचे, पिशवीवर वाफ्याचा क्रमांक टाकायचा आणि ती भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, कारण हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणीच असते आणि जनावराच्या पोटात खरोखर किती गेले ते सुक्या वजनावरूनच कळते. मधेच तिने एका ओळीतून तीन झाडे मुळासकट उपटून बाहेर टाकली. ती भेसळ होती. ती राहिली असती तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरले असते. हे काम तिने वर्षात पाच-सहा कापण्यांना, अशी काही वर्षे केले होते. गव्हाचा पैदासकार एकदा कापणी करून दाणे मोजतो, परंतु चाऱ्याच्या पैदासकाराला कापल्यावर गवत पुन्हा किती जोमाने फुटते, पाने किती आणि काड्या किती, आणि शेवटी गाय ते आवडीने खाते का, हे सारे पाहावे लागते. ज्वारीसारख्या पिकात तर कोवळेपणी विषारी हायड्रोसायनिक आम्ल असते आणि अशी ज्वारी खाऊन ढोरे दगावतात. तेही कमी असलेले वाण निवडावे लागतात.

या कामाची पोच गोठ्यापुरती राहते असेही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ चाऱ्याच्या गवतांवर काम करीत. आपण जिला शेतातून उपटून फेकतो आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, त्या हरळीचा 'कोस्टल' हा चाऱ्याचा वाण त्यांनी १९४३ मध्ये दिला. त्यांच्याकडे बाजरीही चारा म्हणूनच पेरली जात असे. तिच्यावर काम करताना त्यांना 'टिफ्ट २३ए' ही नरवंध्य, म्हणजे स्वतःचे कामाचे परागकण न धरणारी, बाजरी मिळाली, आणि तीच मादी घेऊन लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अठवाल यांनी १९६५ मध्ये भारतातील पहिली संकरित बाजरी 'एचबी-१' दिली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने या संकरांना झोडपले आणि पैदासकारांना पुन्हा कामाला लागावे लागले, हाही त्याच कथेचा भाग आहे. गवतावर काम करणाऱ्या माणसाच्या हातून गरिबाच्या भाकरीचे पीक बदलले.

आता बायोटेक्नॉलॉजीचा आपला आग्रह. हा गैरसमज मी वर्षभरात अनेक घरांत ऐकतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रयोगशाळा, पांढरा कोट आणि इंग्रजी नाव यांमुळे पालकांना हा मार्ग प्रतिष्ठेचा वाटतो आणि 'शेवटी दोन्ही एकच' असे ते धरून चालतात. ते एकच नाही. कोणता जनुक कोठे आहे हे प्रयोगशाळा सांगू शकते व पैदासकाराची निवड त्यामुळे लवकर होते. पण वाण तयार होतो तो शेतात, अनेक ठिकाणच्या मातीत, अनेक हंगामांत तपासून. पैदासकार व्हायचे तर कृषी वनस्पतिशास्त्र अथवा अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदासशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण लागते आणि त्या प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे कृषी पदवीच मागतात. एखाद्या साध्या महाविद्यालयातून बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी केलेली मुलगी तीन वर्षांनी या दारापाशी येते, तेव्हा ते बंद असल्याचे तिला कळते. असे झालेले विद्यार्थी माझ्यापुढे बसून रडले आहेत. प्रतिष्ठेसाठी तडजोड म्हणून ती शाखा निवडू नये.

प्रवेशाचा मार्ग ठाऊक असेलच: राज्याची सीईटी, शिवाय अखिल भारतीय जागांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. महाराजबागेला लागून असलेले आपले कृषी महाविद्यालय १९०६ पासून उभे आहे आणि आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली आहे. वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, जेथे पैदासकार प्रत्यक्ष काय करतात हे पाहायला मिळते. घरापासून काही किलोमीटरच्या आत एवढे असताना मुलगी शेतात परत चालली असे का म्हणावे?

तिच्यासाठीही दोन गोष्टी लिहितो, कारण केवळ आपल्याला समजावून तिला फुलवणे बरोबर होणार नाही. केवळ चारा पिकांवर काम करण्याच्या जागा थोड्या आहेत: झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था, तिचे धारवाडसारखे प्रादेशिक केंद्र, राहुरी, उरुळीकांचनची बाएफ ही संस्था आणि अशी आणखी काही ठिकाणे. विद्यापीठांतील पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. एक वाण शेतकऱ्यापर्यंत जायला दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून 'मी गवतच करणार' असा हट्ट तिने धरू नये. पैदासशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के करावे. मका, ज्वारी, बाजरी यांत शिकलेला हात चाऱ्यातही चालतो आणि जालना, नागपूर येथील बियाणे कंपन्यांतही. संख्याशास्त्र तिला आवडत नसेल, तर मात्र मी तिला पुन्हा विचार करायला सांगेन.

विदर्भाला या कामाची किती गरज आहे, हे तिच्या आजोबांना विचारावे. त्यांच्या तरुणपणी ज्वारी होती, त्यामुळे कडबा होता. सोयाबीन आले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. आता ढोरांपुढे सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार पडते, धानाच्या पट्ट्यात तणस, आणि उन्हाळ्यात तेही विकत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींवर गायी-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत; दुधाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. आपल्या वडिलांनी ती बैलजोडी कोणत्या महिन्यात विकली आणि तेव्हा घरी वैरण किती उरली होती, हेही एकदा त्यांना विचारून पाहा.

मुलीला माझा निरोप द्यावा. येत्या थंडीत नेपियरला तुरे आले की त्यातले पाच काढून पांढऱ्या कागदावर चोळावेत, दाणे मोजावेत. शेजारी बाजरीची पाच कणसे घेऊन तसेच करावे. दोन्ही आकडे, तारीख आणि ठिकाण वहीत लिहून मला कळवावे. मोजायला आपणही तिच्यासोबत बसावे, अशी माझी विनंती आहे.