बेळगाव भागात काचेच्या छताची गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : राहायला बेळगावात, महिन्यातून दोनदा अथणीला गावी जाणं, घरात आईवडील आणि दोन मुलं. पॅनोरॅमिक सनरूफच्या मॉडेलला दीड लाख जास्त पडतायत, तर घ्यावं का? मी खानापूरचा. चार वर्षं सनरूफची गाडी वापरतोय, त्यावरून सांगतो.

गाडी धावते किती, ते नंतर बघू. आधी ती उभी कुठे राहणार, ते सांगा.

माझी दारातल्या आंब्याखाली उभी असायची. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे पडले की झाडाखाली सगळं चिकट होतं, आणि त्या चिकट्यावर मोहोराचा चुरा बसत जातो. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. जूनच्या शेवटी जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना आपल्याकडचा तो खास पाऊस लागला, आणि वळणावर वरच्या दिव्यातून थेट बायकोच्या मांडीवर पाण्याची धार. घरी येऊन बघतो तर पुढची मॅटही भिजून जड झालेली. तो कुबट वास जायला दिवाळी उजाडली.

काच फुटली नव्हती, रबरही धड होतं. सरकत्या छताचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि त्याने ते अडवावं अशी रचनाच नसते. थोडं पाणी आत येतंच. ते काचेभोवतीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली रस्त्यावर जातं. कौलारू घराच्या पन्हळीत पाला अडकला की पाणी भिंतीवर येतं ना, तसंच हे. माझ्या पुढच्या दोन्ही नळ्या मोहोराने बुजल्या होत्या.

आता मी दर मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, छत पूर्ण उघडतो, पन्हळ ओल्या फडक्याने पुसतो आणि कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओततो. पुढच्या चाकामागून लगेच ठिबकायला लागलं की नळी साफ. नाही ठिबकलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारायची. तार घालू नका, नळी फाटते. कॉम्प्रेसरची जोराची हवाही नको, सांध्यातून नळी निसटली की आतलं सगळं अस्तर उतरवावं लागतं.

उन्हाचं म्हणाल तर बेळगाव शहर ७५० मीटर उंचीवर, इथे एप्रिलही सोसतो. पण तुम्हाला अथणीला जायचंय. चिकोडी सोडून पूर्वेकडे गेलात की दुपारचं ऊन वेगळंच. काच अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते, उष्णता मात्र पत्र्याइतकी अडवत नाही, कारण पत्र्याखाली अस्तर असतं. त्यामुळे आतला पडदा कसा आहे ते नीट बघा. जाड, अपारदर्शक असेल तर चांगलं. जाळीदार कापडाचा असेल तर मागे बसलेल्या आईवडिलांच्या डोक्याला दुपारभर धग लागेल आणि एसी सतत ओढत राहील. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर ती ओढ रेंजमधून, म्हणजे एका चार्जिंगवर गाडी जेवढी धावते त्यातून जाते.

फायदेही खरे आहेत. माझ्या आईला बंद गाडीत गुदमरल्यासारखं व्हायचं, मळमळायचं. वरून उजेड यायला लागल्यापासून ती गोव्यापर्यंत चोर्ला घाटातून निवांत येते. पावसाळ्यात दिवसाही गाडीत अंधार असतो, तेव्हा तर हा उजेड फार मोलाचा. उन्हात तापलेल्या गाडीचं छत मागून जरा उचललं की गरम हवा भसकन निघून जाते. पण वेगात ते सताड उघडं ठेवलं तर कानात वारा घुमतो, त्यामुळे हायवेला उघडं ठेवणं होतच नाही.

काच कुठली आहे तेही विचारा. टेम्पर्ड फुटली तर तिचे खडे होऊन खाली पडतात. लॅमिनेटेडच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं, दुसऱ्याचं ऐकू नका, स्वतः वाचा. विम्यात काचेवर घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापत नाहीत, मोटर आणि यंत्रणेचं तसं नाही. खिशातून पैसे जातात ते तिथेच.

आणि मुलांना छतातून वर उभं करू नका. गणपतीत, लग्नाच्या वरातीत आपल्याकडे सर्रास करतात. अचानक ब्रेक लागला की त्या लेकराच्या छाती-पोटावर काचेची कड येते. माझ्या मुलांनी कितीही हट्ट केला तरी यात मी नमत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, घराला शेड असेल आणि दीड लाखासाठी सहा एअरबॅग किंवा मागचे चांगले बेल्ट सोडावे लागत नसतील, तर घ्या. गाडी झाडाखाली किंवा रस्त्यावर उभी राहणार असेल तर पत्र्याचंच छत घ्या. उजेड हवाच असेल तर न उघडणारं, लॅमिनेटेड काचेचं बघा. त्याला पन्हळ नाही, नळ्या नाहीत आणि डोक्यावरची जागाही जात नाही. सरकत्या छताची यंत्रणा दोन-चार बोटं जागा खाते, म्हणून वडील उंच असतील तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना घेऊन जा. जाताना दुपारी एकची वेळ मागा, आणि मागच्या सीटवर तुम्ही स्वतः अर्धा तास बसा.