पॅकार्ड गरम झाली की स्टार्टर का रेंगाळतो?

प्रश्न : १९३६ची पॅकार्ड वन-ट्वेंटी (पॅकार्ड या जुन्या अमेरिकन कंपनीची मोटार) थंड असताना चटकन सुरू होते. तासभर चालवून बंद केली, की स्टार्टर रडतखडत फिरतो. बॅटरी नवी आहे. आठ व्होल्टची बसवावी का?

उत्तर : नको. त्याने दुखणं फक्त झाकलं जाईल, वर बल्ब उडतील ते वेगळंच. आधी केबल बघा. तुमची गाडी ६ व्होल्टची, म्हणजे तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. आणि दुकानातली तयार केबल सहसा १२ व्होल्टच्या मापाची, बारीक असते. ००-गेजची जाड केबल करून घ्या. अर्थची केबल जिथे टेकते तिथला रंग आणि गंज घासून उघडा धातू दिसू द्या.

मग मीटर लावा. एक टोक बॅटरीच्या स्टार्टरकडे जाणाऱ्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं स्टार्टरच्या बोल्टवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशनची तार काढून स्टार्टर फिरवा. पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर त्याच वाटेत अडथळा आहे. अर्थच्या बाजूलाही तसंच, पण दुसरं टोक स्टार्टरच्या अंगावर. दोन्हीकडे ठीक असेल तर स्टार्टर उघडून बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आणि ब्रश (आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) तपासा.

लक्षात असू द्या, या गाडीत धन खुंटी चॅसीला जाते. कधी बॅटरी उलटी लागली असेल, तर ती सुलट केल्यावर इंजिन सुरू करण्याआधी रेग्युलेटरची (डायनमोचं चार्जिंग आवरणाऱ्या डबीची) ‘बॅट’ आणि ‘आर्म’ ही टोकं तारेने क्षणभर जोडा. ठिणगी उडाली की डायनमोची धन-ऋण दिशा ताळ्यावर आली. तार ‘फील्ड’ला मात्र लागू देऊ नका.

प्रश्न : स्वस्त वन-ट्वेंटीनेच पॅकार्ड बुडवली, हे खरं का?

उत्तर : अर्धसत्य. मंदीत, १९३५ साली, साधारण हजार डॉलरपासून मिळणाऱ्या याच गाडीने कंपनी तगवली. नावाची झळाळी थोडी उतरली, हेही खरं. पण खरा घाव पन्नाशीच्या दशकातला. पॅकार्डला बॉडी पुरवणारी ब्रिग्ज १९५३मध्ये क्रायस्लरने घेतली, त्यामुळे बॉडीची सोय स्वतःच करावी लागली. व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन उशिरा आलं, ते थेट १९५५च्या मॉडेलला. त्याआधी १९५४मध्ये स्टुडबेकर ही दुसरी मोटार कंपनी विकत घेतली होती आणि तिचा तोटा अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला. डेट्रॉइटमधलं उत्पादन जून १९५६मध्ये थांबलं. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्या साउथ बेंड गावच्या कारखान्यातून निघाल्या त्या पॅकार्डच्या नावाच्या स्टुडबेकरच.