टॅकलची एवढी घाई कशाला?

तुझा भलामोठा मेसेज वाचला. फुटबॉल टीममध्ये कोचने तुला विंगवरून, म्हणजे कडेच्या अटॅकवरून काढून सेंटर-बॅकला, म्हणजे गोलसमोर मधोमध बचावाला टाकलं म्हणून तू तोंड पाडून बसलायस. बॅकला टाकलं म्हणजे शिक्षा झाली असं आपल्याकडच्या पोरांना का वाटतं देव जाणे, वाडीत खेळताना ज्याला कुणी घेत नाही त्याला मागे उभं करायचे ना, ती सवय अजून डोक्यातून जात नाही. तुमच्या कोचचं मला सगळंच पटतं असं नाही, पण हा निर्णय बरोबर आहे.

रविवारची मॅच मी बघितली, कडेला लिंबाखाली उभा होतो. तुझ्याकडे स्पीड आहे, हेडरला तू घाबरत नाहीस, या दोन गोष्टी शिकवून येत नाहीत. पण टॅकलची, म्हणजे बॉल हिसकावायला पाय टाकायची, घाई फार. त्यांचा तो डावखुरा पोरगा बॉल घेऊन आला, तू सरळ पाय टाकलास, त्याने बॉल बाजूला सरकवला आणि तू बसलास मातीत, मागे गोलकीपर एकटा. समोर आला की आधी त्याला थांबव रे. छाती समोर करून उभा राहू नकोस, तिरका राहा, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, आणि दीडेक हाताचं अंतर ठेवून मागे मागे सरकत त्याला साइडलाइनकडे ने. नजर बॉलवर, तो खांदे हलवून फसवणारच. त्याचा टच जरा लांब गेला की तेव्हा पाय घाल, नाही गेला तर नको घालू, तोवर तुमचा मिडफिल्डर परत येतो आणि काम होतं. आणि मागे सरकताना पाय क्रॉस करू नकोस. नऊ रात्री गरबा खेळूनसुद्धा तुझा पाय कुठे अडखळत नाही आणि ग्राउंडवर मात्र स्वतःच्याच पायात पाय अडकतो, हे काय आहे?

पण खरा लोचा त्याच्याही आधी होतो. बॉल समोरच्या हाफमध्ये असला की तू मॅच बघत उभा राहतोस, प्रेक्षकासारखा. बॅकचं निम्मं काम तेव्हाच असतं. त्यांचा स्ट्रायकर कुठे आहे, तुझ्या पाठीमागे कोण घुसतोय, तुझा पार्टनर, म्हणजे दुसरा सेंटर-बॅक, किती लांब आहे, हे दर तीन-चार सेकंदांनी मान वळवून बघायचं. बॉल आल्यावर बघायला गेलास तर उशीर झालेला असतो, आणि उशीर झाला की मग पाय टाकावाच लागतो. तुझे टॅकल फसतात ते इथून.

तो दुसरा गोल घे. त्यांनी थ्रो-इन लांब टाकला आणि तू हात वर करून ऑफसाइड मागत उभा, म्हणजे बॉल टाकला तेव्हा त्यांचा माणूस आमच्या मागे होता म्हणून. थ्रो-इनवर डायरेक्ट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच, गोल-किक आणि कॉर्नरवरही नसतो. हात वर करण्यात जो सेकंद गेला तेवढ्यात त्याने गोल मारला. बॅकला नियम पाठ पाहिजेत. बॉक्समध्ये, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात, समोरचा गोल मारायच्या बेतात असेल आणि तू खरोखर बॉल खेळायला जाऊन फाउल केलास, तर 2016 पासून पेनल्टी आणि पिवळं कार्ड, पण शर्ट ओढलास किंवा ढकललंस तर पेनल्टीही आणि लालही. म्हणजे मागे पडलास तर शर्टाला हात लावायचा नाही, पळायचं.

आता बोलण्याचं. तू गप्प असतोस. घरी मराठी, टीममध्ये अर्धे गुजराती, दोघं-तिघं ईशान्येकडचे, म्हणून लाजतोस हे कळतं मला, पण ग्राउंडवर भाषण थोडंच करायचंय. ‘मॅन ऑन’ (मागून माणूस आला), ‘टाइम’ (वेळ आहे), ‘स्टेप’ (पुढे सरका), ‘कीपर’ (कीपर घेतोय), एवढं पुरतं, फक्त जोरात आणि वेळेवर. पूर्ण ग्राउंड तुला समोर दिसतं, तुझ्या मिडफिल्डरला त्याच्या पाठीमागचं दिसत नाही, मग त्याला सांगणार कोण?

उंचीचं रडगाणं तर बंदच कर. फाबियो कानावारो पावणेसहा फुटांचा, सेंटर-बॅक, इटलीचा कॅप्टन, 2006 चा वर्ल्ड कप आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याच्याकडे. उडी कधी मारायची हे त्याला कळायचं, बस. आणि खालच्या लीगमध्ये कोण बघतं म्हणतोस, तर आपला भारताचा सेंटर-बॅक संदेश झिंगन युनायटेड सिक्कीमकडून सेकंड डिव्हिजन खेळत होता, 2014 ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्याच सीझनमध्ये केरला ब्लास्टर्सकडून इमर्जिंग प्लेअर ठरला. सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांचं नाहीच होत, म्हणून बडोद्याच्या एमएसयूचं (महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी) बीकॉम सोडायचं नाही. युनिव्हर्सिटी टीम आहे, पुढे रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आहे, डिग्री असली की चार दारं उघडी राहतात. मॅचच्या सकाळी सेव-उसळ खायची नाही हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडची ग्राउंडं उन्हाळ्यात दगडासारखी होतात, लांब मारलेला बॉल एकदा टप्पा पडला की डोक्यावरून जातो. म्हणून लांब बॉलला टप्पा पडू द्यायचा नाही, पुढे जाऊन हवेतच हेड करायचा, आणि एकजण हेडरला गेला की दुसऱ्याने चार-पाच पावलं मागे कव्हरला जायचं. तुम्ही दोघंही एकाच बॉलवर उडता, मग सेकंड बॉल, म्हणजे हेडरनंतर सुटलेला बॉल, त्यांना आयता मिळतो.

गुरुवारी सकाळी सहाला नवलखी ग्राउंडवर ये, पार्टनरला आणि कीपरला पण घेऊन ये. मी उंच बॉल मारत राहीन, कोण जाणार हे बॉल हवेत असतानाच ओरडून ठरवायचं, जो गप्प राहील तो बॉल आणायला पळेल. आणि ते लांब स्टडवाले बूट नको आणूस, कडक जमिनीवर टाचा दुखतात ते त्यानेच, छोट्या स्टडचे टर्फ शूज असतील तर ते घाल.