समानतेचे वाक्य आणि तीन पंचमांशाचा हिशेब

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पण ज्या देशाच्या घटनेतच ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे लिहिले आहे, तेथे गुलामगिरी मुळात चाललीच कशी?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपण दिलेले वाक्य घटनेतले नाही. ते ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले आहे, आणि हा फरक तांत्रिक समजू नये. जाहीरनामा इंग्लंडच्या राजाशी संबंध का तोडले हे जगाला सांगण्यासाठी होता. त्याचे कोणत्याही न्यायालयावर बंधन नव्हते. त्याच्या मसुद्यात थॉमस जेफरसन यांनी गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद घातला होता. तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळला. जेफरसन स्वतः आयुष्यभर गुलामांचे मालक होते, हेही येथेच नोंदवावे लागते.

घटना त्यानंतर ११ वर्षांनी, १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झाली. मधल्या काळातील मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नसल्याने तिला राज्यांपुढे हात पसरावे लागत, म्हणून नव्या व्यवस्थेची गरज भासली होती. ही घटना म्हणजे राज्याराज्यांमधील सौदा होता, आणि गुलामगिरी त्या सौद्यातील एक कलम होती.

त्यातले सर्वांत प्रसिद्ध कलम म्हणजे लोकसंख्या मोजताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरण्याचे. ‘गुलामाला तीन पंचमांश माणूस मानले’ असा त्याचा अर्थ आपल्याकडे सर्रास सांगितला जातो, पण त्याने खरी मेख झाकली जाते. गुलामांना पूर्ण मोजावे असा आग्रह गुलाममालकांच्या दक्षिणेकडील राज्यांचा होता, कारण ज्यांना मत नाही त्यांच्या संख्येवर प्रतिनिधिगृहात मालकांच्याच जागा वाढणार होत्या. (१७८३ साली हीच मोजणी राज्यांच्या करभारासाठी करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र दक्षिणेला गुलाम कमीत कमी मोजले जायला हवे होते.) १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाच्या सुमारे ७ लाख ४७ हजार लोकसंख्येत २ लाख ९२ हजारांहून अधिक गुलाम होते. त्यानंतर ३३ हजारांस एक या प्रमाणात जागा वाटल्या गेल्या, तेव्हा व्हर्जिनियाला १९ मिळाल्या. गुलाम वगळले असते तर १३ च मिळाल्या असत्या. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातील जागाही याच हिशेबावर ठरत असल्याने हा लाभ दुहेरी होता.

आणखी दोन कलमे थोडक्यात : १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करण्यास काँग्रेसला मनाई होती, आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडल्यास तो मालकाला परत करणे बंधनकारक होते. इतके असूनही मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. ‘इतर व्यक्ती’ अशी शब्दयोजना आहे. माझ्या मते ही लाज होती, अज्ञान नव्हे.

हे सारे अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धानंतर बदलले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन पंचमांशाची मोजणीही गेली. फुल्यांची अर्पणपत्रिका तेराव्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांनी लिहिलेली आहे, आणि ती फिलाडेल्फियातील घटनाकारांना नसून गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आहे.