ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको याच्याबद्दल तुम्ही विचारलेलं

विश्वचषक एकदाही जिंकला नाही, तरी झिकोचं नाव पेलेच्या पाठोपाठ का घेतात? आमच्या पेठेत यावर रोज वाद होतो. (कोल्हापूर)

झिको १९७८, १९८२ आणि १९८६ असे तीन विश्वचषक खेळला. १९८२ चा ब्राझीलचा संघ मी आजही पुन्हा पुन्हा बघतो. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो अशी मधली फळी परत जमली नाही. ५ जुलैला बार्सिलोनात पाओलो रॉसीने तीन गोल मारले आणि इटली ३-२ ने जिंकली. बरोबरी झाली असती तरी ब्राझील पुढे जाणार होता, पण तो संघ बरोबरीसाठी खेळलाच नाही. त्या सामन्यात इटलीचा बचावपटू जेंटिलेने झिकोचा शर्ट ओढून फाडला. फाटका शर्ट तो पंचांना दाखवतोय, हे दृश्य बघताना अजून जीव तुटतो.

रिओच्या फ्लामेंगो क्लबसाठी त्याचे ५०० हून जास्त गोल आहेत. १९८१ मध्ये या संघाने दक्षिण अमेरिकेचा लिबेर्तादोरेस चषक जिंकला आणि डिसेंबरात टोकियोत युरोपच्या विजेत्या लिव्हरपूलला ३-० ने हरवलं. तिन्ही गोल दुसऱ्यांचे, पण खेळ सगळा झिकोच्या पायातून फिरत होता. पेठेतल्या वादात हा सामना पुढे करा.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. पाय चांगले चालतात, पण अंगाने किरकोळ आहे. निवड चाचणीत दरवेळी मागे राहतो. फुटबॉल सोडवावा का? (पुणे)

अजिबात सोडवू नका. झिकोही १४ व्या वर्षीच, १९६७ मध्ये, फ्लामेंगोत आला, आणि तुमच्या मुलासारखाच काटकुळा होता. वडील शिंपी, घर रिओच्या उत्तरेला किंतिनो या उपनगरात, क्लबचं मैदान पार दक्षिणेला गाव्हेआत. मोठा भाऊ एदू रिओतल्याच ‘अमेरिका’ नावाच्या क्लबकडून खेळायचा. झिकोही तिकडेच जाणार होता, पण एका रेडिओ समालोचकाने त्याचा खेळ बघितला आणि घरच्यांची समजूत घालून त्याला फ्लामेंगोकडे नेलं.

क्लबने त्याला ‘मोठा हो, मग ये’ म्हणून परत पाठवलं नाही. शारीरिक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आहार आणि व्यायाम ठरवून दिला, आणि हे काम बरीच वर्षं चाललं. उंची तरी शेवटी १७२ सेंटिमीटरच भरली. १९७२ च्या ऑलिंपिक संघातून नाव गळालं तेव्हा फुटबॉल सोडायचा विचार त्याच्या मनात आला होता. घरच्यांनी सोडू दिलं नाही. ही जबाबदारी आता तुमची आहे.

सरावाचीही एक गोष्ट सांगतो. बाकीचे आत गेल्यावर झिको मैदानावर थांबायचा. गोलच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट टांगायचा आणि फ्री किक त्या शर्टावर मारत राहायचा. समोरच्या भिंतीवरून जाऊन ऐनवेळी खाली वळणारा त्याचा चेंडू अशा संध्याकाळींतून तयार झाला. याला पैसे लागत नाहीत. एक जुना शर्ट आणि सुतळी मुलाला आजच द्या.

१९८६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध ब्राझील झिकोमुळेच हरलं ना? (नागपूर)

नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये एका आडदांड टॅकलने त्याचा गुडघा निकामी झाला होता. तो गुडघा घेऊनच तो मेक्सिकोला गेला. १-१ अशी बरोबरी असताना राखीव खेळाडू म्हणून उतरला आणि लगेच ब्रांकोला असा पास दिला की गोलरक्षक बात्सला त्याला पाडावंच लागलं. पेनल्टी मिळाली ती त्याच पासवर. अंग गरमही झालं नव्हतं, तरी चेंडू त्याने हातात घेतला. बात्सने अडवला. पण बरोबरी न सुटल्याने निकालासाठी घेतलेल्या शेवटच्या पेनल्ट्यांमध्ये झिको पुन्हा पुढे आला आणि त्याने गोल केला. तिथे चुकले सॉक्रेटिस आणि झुलिओ सेझार, फ्रान्सकडून त्यांचा कर्णधार, खुद्द प्लातिनी. एका माणसाच्या माथी हा पराभव मारू नये.

इटलीत तो कसा खेळला? (ठाणे)

उत्तम. १९८३-८४ मध्ये उदिनेझेसारख्या छोट्या क्लबकडून २४ सामन्यांत १९ गोल, तेव्हा इटलीतच खेळणाऱ्या प्लातिनीपेक्षा फक्त एक कमी. हा करार आधी अडवला गेला, तेव्हा उदिनेचे लोक ‘झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो’ म्हणत रस्त्यावर उतरले होते.

प्रशिक्षक म्हणून आमच्या एफसी गोवाला त्याने काय दिलं? शेवटच्या हंगामात तर संघ तळाला गेला. (मडगाव)

२०१६ चा हंगाम वाईटच गेला, ते नाकारत नाही. पण त्याआधी इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ला उपांत्य फेरी आणि २०१५ ला फातोर्ड्यावर अंतिम सामना. तुम्ही तिथे असाल तर ९० व्या मिनिटापर्यंतची २-१ ची आघाडी आणि मग चेन्नईयिनचे ते दोन गोल विसरला नसाल.

संघ मुळापासून उभा करणं त्याने जपानमध्ये केलं होतं. १९९१ ला तो खेळाडू म्हणून काशिमात गेला, तेव्हा तिथला संघ दुसऱ्या श्रेणीतला, एका पोलाद कंपनीचा होता. १६ मे १९९३ ला जे-लीग या जपानच्या नव्या व्यावसायिक लीगमधल्या काशिमाच्या पहिल्याच सामन्यात, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याने हॅटट्रिक केली. काशिमाच्या स्टेडियमबाहेर आज त्याचा पुतळा आहे. तिथे त्याला सलग वर्षं मिळाली, गोव्यात तेव्हा वर्षाला दोन-अडीच महिन्यांचीच स्पर्धा होती. तरीही तुमचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेटिको पारानाएन्सेकडे खेळायला गेला, तो झिकोच्या हाताखाली खेळल्यावरच.