मानेतून कॅथेटर घालून पायांची सूज उतरवता येते का?

तुमच्या वडिलांचे हृदय कमकुवत आहे, लघवीच्या गोळीचा डोस वाढवूनही पायांची सूज उतरत नाही, आणि लसीका (लिम्फ, म्हणजे ऊतींमधले जादा पाणी रक्तात परत नेणारा द्रव) काढणारे कॅथेटर, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, पुण्यात कुठे बसवतात, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. औषधाचा सल्ला देणे माझे काम नाही, पण हे उपकरण काय करते ते सांगू शकतो.

ते पायातले पाणी ओढत नाही आणि लसीकावाहिनीच्या आतही शिरत नाही. शरीरातली बहुतेक लसीका थोरॅसिक डक्ट या काही मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीने पोटातून वर येते आणि मानेची व हाताची मोठी शीर डावीकडे जिथे मिळतात तिथे रक्तात उतरते; निरोगी माणसात दिवसाला साधारण 2 लिटर. हृदय थकले की शिरांमधला दाब वाढतो, त्यामुळे ऊतींमध्ये पाणी जास्त झिरपते आणि वाहिनीच्या तोंडाशीही तोच दाब असल्याने ते परतत नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेला मिळणारे नाले उलटे तुंबतात, तसाच हा प्रकार. हे कॅथेटर मानेतल्या शिरेतून घालतात, दोन फुग्यांनी संगमाजवळचा तेवढाच भाग वेगळा करतात आणि छोट्या पंपाने तिथला दाब उतरवतात. मग अडलेली लसीका रक्तात येते, पण ते पाणी बाहेर टाकायचे काम शेवटी मूत्रपिंडांचेच असल्याने लघवीची औषधे चालूच राहतात.

लसीका सरळ बाहेर का काढू नये, हेही समजून घ्या. छातीच्या शस्त्रक्रियेत डक्टला इजा झाली तर नळी घालून साचलेले पाणी काढावे लागते. उपाशी रुग्णाच्या बाटलीत ते फिकट पिवळे असते आणि तेलातुपाचे जेवण सुरू झाले की दुधासारखे पांढरे होते. त्यात चरबी, प्रथिने आणि लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या, पेशी असतात. रोज लिटरभर जाऊ लागले तर माणूस झपाट्याने खंगतो. 1960 च्या दशकात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत तर प्रतिकारशक्ती उतरवण्यासाठी ही लसीका मुद्दाम काढत असत.

फुग्यांचे हे कॅथेटर अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे त्यासाठी रुग्णालये पालथी घालण्यात वेळ घालवू नये असे मला वाटते. त्याऐवजी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, की काही दिवस दाखल करून औषध शिरेतून द्यावे का, कारण आतड्यालाही सूज असेल तर गोळी नीट शोषली जात नाही. आणि त्यानेही भागले नाही तर यंत्राने रक्तातले जादा पाणी काढण्याचा, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनचा, विचार करता येईल का. तोवर रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर त्यांचे वजन घेऊन लिहून ठेवा. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढले किंवा आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्यांना दवाखान्यात न्या.