वाटून घेण्याची गोष्ट तोंडपाठ आहे, पण खेळणे सुटत नाही: कोणती चित्रपुस्तके घ्यावीत?

आपली साडेचार वर्षांची मुलगी बालवाडीत खेळण्यांना कोणाला हात लावू देत नाही, ताईंनी दोनदा तक्रार केली आहे, आणि वाटून घेण्यावरची एक गोष्ट महिनाभर वाचूनही फरक पडलेला नाही. 'सर्वांनी मिळून मिसळून राहावे' हे त्या गोष्टीचे तात्पर्य ती घडाघडा म्हणून दाखवते आणि पुढच्याच क्षणी धाकट्या भावाच्या हातातली मोटार ओढून घेते, असे आपण लिहिले आहे. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात गेली बारा वर्षे मी दर शनिवारी तीन ते सात वर्षांच्या मुलांना पुस्तके वाचून दाखवते. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. साडेचाराव्या वर्षी खेळणे न सोडणे हा स्वभावातला दोष नाही. 'माझे' म्हणजे काय हे मुलाला नुकते कळू लागलेले असते आणि दिलेली वस्तू परत मिळेल याची खात्री अजून बसलेली नसते. म्हणून पुस्तकाकडून आठवड्याभरात गुण येण्याची अपेक्षा ठेवू नये.

तात्पर्य पाठ होते आणि वागणे बदलत नाही, कारण तात्पर्य हे मोठ्यांनी काढलेले उत्तर असते. मुलाला त्याआधीची पायरी हवी असते, ती म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटले आहे ते दिसणे. चांगल्या चित्रपुस्तकात ही पायरी चित्रात असते. त्यामुळे पुस्तक निवडताना मी मजकूर हाताने झाकून केवळ चित्रे पाहते. कोणाला काय वाटते आहे ते एवढ्यावरून कळले, तरच ते पुस्तक मी वाचनालयासाठी घेते.

याचे सर्वात स्पष्ट उदाहरण म्हणजे ट्रूडी लडविग यांचे 'द इनव्हिजिबल बॉय' (2013). त्यातल्या ब्रायनकडे वर्गात कोणाचे लक्ष नसते. त्याला खेळात घेत नाहीत, वाढदिवसाला बोलावत नाहीत. चित्रकार पॅट्रिस बार्टन यांनी सगळा वर्ग रंगीत काढला आहे आणि ब्रायन मात्र करड्या पेन्सिलीत. पुढे जस्टिन नावाचा नवा मुलगा येतो, त्याच्या डब्यातला बुलगोगी हा कोरियन पदार्थ पाहून मुले हसतात, आणि ब्रायन त्याला गुपचूप एक चिठ्ठी लिहितो. तिथून पुढे ब्रायनमध्ये पानागणिक थोडा थोडा रंग भरत जातो. मजकुरात या रंगाविषयी एक शब्दही नाही. पहिल्यांदा हे पुस्तक वाचले तेव्हा पाच वर्षांच्या एका मुलाने ब्रायनवर बोट ठेवले आणि विचारले, "याला रंगवायचं राहून गेलं का?" मी उत्तर दिले नाही, पान उलटले. चिठ्ठीनंतरच्या पानांवर तोच मुलगा गुडघ्यांवर उठून बसला आणि ब्रायनच्या गालावर, मग सदऱ्यावर बोट फिरवत कुठे कुठे रंग आला ते शेजारच्या मुलीला दाखवू लागला. दयाळूपणा हा शब्द त्या तासात कोणीही उच्चारला नव्हता.

आपल्याकडे अशा शिकवणुकीसाठी प्राण्यांच्या गोष्टी हाताशी असतात, म्हणून टोरांटो विद्यापीठातील एका अभ्यासाची माहिती देते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली गेली. एकीत कपडे घातलेले, माणसांसारखे वागणारे प्राणी होते आणि दुसरीत माणसे. प्रत्येक मुलाला दहा स्टिकर दिले होते. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपल्यातले अधिक स्टिकर दुसऱ्या मुलासाठी ठेवले, तर प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांचे देणे वाढले नाही, उलट कमी झाले. एका अभ्यासावरून प्राण्यांच्या गोष्टी कपाटात बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही, कारण मुलांना त्यांतून निखळ आनंद मिळतो. परंतु एखादी विशिष्ट वागणूक मुलापर्यंत पोहोचावी असे वाटत असेल, तर गोष्टीत त्या मुलासारखेच मूल असलेले बरे.

याच कारणासाठी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' ही पुस्तके घरी असावीत, असा माझा आग्रह आहे. त्यांनी ती स्वतः लिहिली आणि चितारली आहेत, आणि त्यांतली माणसे, स्वयंपाकघर, शाळा हे सारे आपल्या ओळखीचे आहे. बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी त्यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचे 'चित्रवाचन'ही घ्यावे. पाठ करण्याजोगे काही हाती न देता मुलाला बोलते करायला ते फार उपयोगी पडते.

प्राणी हवेतच, तर फिलिप आणि एरिन स्टेड या दांपत्याचे 'अ सिक डे फॉर एमस मॅक्गी' वाचावे. 2010 च्या या पुस्तकातील चित्रांना पुढच्या वर्षी कॅल्डिकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकांतील चित्रांसाठी अमेरिकेत दिला जाणारा मानाचा पुरस्कार, मिळाले. प्राणिसंग्रहालयात काम करणारा एमस हत्तीबरोबर बुद्धिबळ खेळतो, कासवाबरोबर शर्यत लावतो, लाजऱ्या पेंग्विनजवळ नुसता गप्प बसतो, गेंड्याला नाक पुसायला रुमाल देतो आणि अंधाराला भिणाऱ्या घुबडाला गोष्ट वाचून दाखवतो. एके दिवशी तो सर्दीने घरी राहतो, तेव्हा हे सगळे बसने त्याच्याकडे येतात. प्रत्येकाला काय हवे ते वेगळे असते, हे या पुस्तकाइतके हळुवारपणे सांगणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही. पेंग्विनच्या पानावर आमच्याकडची मुलेही आपोआप गप्प होतात.

जॅकलीन वुडसन यांचे 'ईच काइंडनेस' मात्र सहा वर्षे पूर्ण झाल्यावर वाचावे. त्यात नव्या मुलीला दूर ठेवणाऱ्या मुलीला पश्चात्ताप होतो, पण तोपर्यंत नवी मुलगी शाळा सोडून गेलेली असते आणि ती परत येत नाही. त्याहून लहान मुलांना हा शेवट जड जातो.

इंग्रजी पुस्तके मराठीत वाचून दाखवण्यासाठी मी प्रत्येक पानावर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी चिकटवते, म्हणजे ऐन वेळी अडखळायला होत नाही. एरिक कार्ल यांच्या 'डू यू वॉन्ट टू बी माय फ्रेंड?' (1971) या पुस्तकात जवळजवळ शब्दच नाहीत, त्यामुळे तेही लागत नाही. मित्र शोधणाऱ्या उंदराला प्रत्येक पानावर पुढच्या प्राण्याची फक्त शेपटी दिसते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य आहेत, पण निजताना कागदी पुस्तकच घ्यावे.

वाचताना एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. चेहरा स्पष्ट दिसतो त्या पानावर थांबावे आणि "याला आत्ता काय वाटत असेल?" एवढेच विचारून खरोखर वाट पाहावी. उत्तर आले नाही तरी पुढे जावे. "आणि तू कशी वागतेस?" हा प्रश्न कधीही विचारू नये, तो ऐकताच मूल पुस्तकातून उठून आरोपीच्या जागी जाऊन बसते. भांडण झाले त्याच संध्याकाळी तसल्या विषयाचे पुस्तकही काढू नये.

आपल्या मुलीसाठी मी उंदराच्या पुस्तकाने सुरुवात करीन. ते सलग चार-पाच रात्री वाचावे, मग तिलाच धाकट्या भावाला 'वाचून' दाखवू द्यावे. पुढे कोणाची शेपटी आहे हे तिला आधीच ठाऊक असेल आणि ते त्याला सांगावे की त्याला ओळखू द्यावे, हे तिचे तिला ठरवू द्यावे.